‘लीज’ की ‘लायसन्स’? घर वा गाळा देता-घेताना

घर भाड्याने देणारे आणि घेणारे अशा दोन्ही बाजूंच्या वाचकांकडून जी पत्रे येतात, त्यांत एकच शंका निरनिराळ्या रूपांनी डोके वर काढीत असते: आपल्या हातातील कागद ‘लीज’चा आहे की ‘लायसन्स’चा, आणि तो एकाचा असून दुसऱ्याचा नसल्याने आपले नेमके काय साधते अथवा बिघडते? नाशिकच्या गंगापूर रोडवर मुलासाठी खोली घेणारे पालक असोत, अंबडच्या कारखान्यात बदली होऊन आलेले कर्मचारी असोत, किंवा मेन रोडवरील वडिलोपार्जित वाड्यातील खालची दुकाने पूर्वीपासून ज्यांच्या भाड्यावर चालत आली ते मालक असोत, बोलताना सारेच ‘भाड्याने’ हा एक शब्द वापरतात आणि मध्यस्थ त्याला ‘ॲग्रीमेंट’ म्हणून मोकळा होतो. व्यवहार सुरळीत चालला आहे तोवर या ढिसाळपणाने कोणाचे काही बिघडत नाही. पण घर विकले गेले, कुटुंबप्रमुख निवर्तला, मुदत संपूनही जागा सुटेना, किंवा वाडा पाडण्याची नोटीस लागली, की मग सारा निकाल त्या दोन शब्दांपैकी कोणता शब्द कागदावर आहे यावर येऊन ठेपतो. म्हणून सही करण्यापूर्वी जेवढे समजून घेणे अवश्य आहे, तेवढेच येथे सांगतो.

व्यवहारापुरता फरक

‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे मालक आपल्या स्थावर मिळकतीचा उपभोग घेण्याचा हक्कच, मुदतीपुरता आणि मोबदल्याच्या बदल्यात, दुसऱ्याच्या हाती देतो. त्या मुदतीत ती जागा भाडेकरूच्या खऱ्याखुऱ्या ताब्यात असते आणि मालकासदेखील मन मानेल तेव्हा तेथे शिरता येत नाही. ‘लायसन्स’ची व्याख्या त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या मिळकतीवर जी गोष्ट परवानगीवाचून केली असता बेकायदा ठरली असती, ती करण्याची मुभा म्हणजे लायसन्स. या मुभेने मिळकतीत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने ताबा मालकाकडेच राहतो. पहिल्यात हक्क जातो, दुसऱ्यात नुसती परवानगी मिळते. या एका भेदातून पुढील परिणाम निघतात.

- घर विकले गेले तर: भाडेपट्टा नव्या मालकावरही बंधनकारक राहतो, तो जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. लायसन्स मात्र सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे खरेदीदारास बांधत नाही. लायसन्सने राहणाऱ्यांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे, कारण ‘आमची दोन वर्षांची नोंदणी आहे’ एवढ्यावर अनेक जण निश्चिंत असतात.
- राहणारा मृत्यू पावला तर: निवासाच्या भाडेपट्ट्यात, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण येते. लायसन्स व्यक्तिगत असल्याने ते वारशाने मिळत नाही.
- दुसऱ्यास देता येते काय: लायसन्स हस्तांतरित करता येत नाही. भाडेपट्ट्यातही आपल्या राज्यात करारात तशी स्पष्ट मुभा असल्याखेरीज पोटभाडेकरू ठेवणे हे घर गमावण्याचे कारण ठरते.
- जागा रिकामी करून घेणे: भाडेकरूस काढण्यासाठी मालकाला कायद्यातील ठराविक कारणांपैकी एक तरी न्यायालयात सिद्ध करावे लागते. निवासाच्या लायसन्समध्ये मुदत संपली एवढे दाखविणे पुरते.

न्यायालय शीर्षक पाहते की मजकूर?

कागदाच्या माथ्यावर ‘लायसन्स’ असे लिहिल्याने भाडेपट्ट्याचे लायसन्स होत नाही, हा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात मांडला. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधील काही खोल्यांत केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांचा कागद नावाने लायसन्सचा होता, पण त्या खोल्यांचा ताबा सर्वस्वी त्यांच्याकडे असल्याने बहुमताने तो भाडेपट्टा ठरला. उलट १९६४ मध्ये, मद्रासच्या एका खासगी मंडईतील गाळेवाल्यांच्या खटल्यात, मंडईचा सारा कारभार आणि नियंत्रण मालकाच्या हाती राहत असल्यामुळे गाळेवाले वर्षानुवर्षे बसूनही लायसन्सधारकच ठरले. दोन्ही निकालांमागचा प्रश्न एकच होता, आणि तो आपणही आपल्या जागेबाबत विचारून पाहावा: दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि आत येण्यासाठी कोणाला कोणाची परवानगी लागते?

तथापि महाराष्ट्रातील वाचकांनी या सर्वसाधारण सिद्धान्तावर विसंबून राहू नये, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ च्या स्पष्टीकरणात निवासाच्या लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानावा असे म्हटले आहे. म्हणजे अशा जागेच्या ताब्याचे अर्ज ज्याच्याकडे चालतात त्या सक्षम प्राधिकाऱ्यासमोर ‘कागद लायसन्सचा असला तरी मी खरोखर भाडेकरूच होतो’ असे सांगण्यास फारशी जागा उरत नाही. दिल्लीच्या निकालाचा दाखला देऊन आपले पक्षकार जिंकतील असे छातीठोकपणे सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांना हे स्पष्टीकरण दाखवावे. आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे.

‘लिव्ह अँड लायसन्स’ ही जोडी आली कोठून?

हा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण घर देणाऱ्यांच्या मनात आजही जे भय दिसते त्याचे मूळ त्यातच आहे. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला आणि त्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. महायुद्धानंतरच्या टंचाईत निर्वासित आणि नोकरदार यांना बेघर होण्यापासून वाचविण्याचा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु दुरुस्तीचा खर्च, कर आणि महागाई वाढत असताना भाडे मात्र जागच्या जागी राहिल्याने, भाडेकरू एकदा आत आला की पिढ्यानपिढ्या बाहेर निघत नाही असा मालकांचा समज झाला, आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणवत नाही. तेव्हा मालकांनी पळवाट शोधली. भाडेकरू न ठेवता ‘लायसन्सधारक’ ठेवावयाचा, भाडे न म्हणता ‘मोबदला’ म्हणावयाचे, आणि अकरा महिन्यांनी नवा कागद करावयाचा.

विधिमंडळाच्या ध्यानात ही पळवाट आली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घालण्यात आले. त्यायोगे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सच्या आधारे निदान एका खोलीच्या जागेत राहत असणारा इसम कायद्याने भाडेकरू समजला जाऊ लागला. एका दिवसात असंख्य परवानगीधारक संरक्षित भाडेकरू झाले आणि मालकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. आजही वयस्क घरमालक ‘घर रिकामे ठेवू, पण भाड्याने देणार नाही’ असे म्हणतात, ते या तारखेच्या आठवणीने. मुंबईच्या कायद्यातील गोठलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात दिला, आणि पुढे सध्याचा अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या अधिनियमात १९७३ सारखी लायसन्सधारकास भाडेकरू बनविणारी तरतूद नाही. उलट कलम २४ ने मुदत संपताच जागा परत मिळण्याची सोय केली आहे. म्हणून नियमाप्रमाणे नोंदणी करणाऱ्या मालकाने त्या जुन्या भयापोटी घर रिकामे ठेवण्याचे आता कारण नाही.

अकरा महिन्यांचा गैरसमज

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने, ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. अन्य राज्यांत तिचा काही उपयोग असेल. महाराष्ट्रात तो संपला आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे जागा लायसन्सने दिलेली असो वा भाडेपट्ट्याने, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा दिवसांची. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. याहूनही गंभीर परिणाम दुसरा आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे जे म्हणणे असेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून आपण सुरक्षित झालो असे मानणारे मालक स्वतःच्या हाताने प्रतिपक्षास पुरावा देत असतात. नोटरी सह्यांची साक्ष देतो, दस्ताची नोंदणी करीत नाही.

राहण्यासाठी घर देता-घेताना

नोकरी, शिक्षण किंवा बदली यांकरिता एक-दोन वर्षांची निकड असेल, तर दोन्ही पक्षांना लिव्ह अँड लायसन्सच सोयीचे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालकास जागा परत मिळण्याची शाश्वती आणि राहणाऱ्यास घर मिळण्याची सुलभता ही दोन्ही त्यात साधतात. क्रम असा ठेवावा:

1. प्रथम मालकी तपासा. घर दाखविणारा इसम मालक आहे, त्याचा मुखत्यार आहे की केवळ मध्यस्थ, हे सूची क्रमांक २, घरपट्टीची पावती किंवा सोसायटीचा भागदाखला पाहून ठरवा. मुखत्यारपत्र असल्यास त्याची प्रत मागा. स्वतः भाडेकरू असलेल्याने दुसऱ्यास लायसन्सने दिलेल्या जागेस कलम २४ चा आश्रय मिळत नाही, हे देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही जाणावे. घर सिडकोच्या वसाहतीत असेल, तर मूळ पट्ट्यातील अटीही पाहाव्यात.
2. मसुदा सहीच्या वेळी नव्हे, आधी दोन दिवस मागून घ्या आणि त्यात मुदतीची आरंभ व अखेरची तारीख, दरमहाचे शुल्क, अनामत, ती परत करण्याचा दिवस, मुदतीपूर्वी जागा सोडण्याची नोटीस, आणि वीज, पाणी व देखभाल यांचा खर्च कोणाकडे, हे सर्व अंकांत लिहिलेले आहे याची खात्री करा. ‘भाडे’, ‘भाडेकरू’ आणि ‘लायसन्सधारक’ हे शब्द एकाच कागदात सरमिसळ वापरलेले असतील तर मसुदा परत पाठवावा. असा कागद पुढे कोणाच्याच उपयोगाचा नसतो.
3. मुद्रांक शुल्क काढा. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सकरिता संपूर्ण मुदतीचे शुल्क, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी येणारे व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का आकार पडतो. दरमहा १२,००० रुपये, चोवीस महिने आणि ५०,००० रुपये अनामत असेल, तर २,८८,००० अधिक १०,००० म्हणजे २,९८,००० रुपयांवर पाव टक्का, अर्थात साडेसातशेच्या आसपास. महानगरपालिका, नगरपालिका व छावणी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये असते. करण्यापूर्वी चालू दर एकदा पाहून घ्यावेत.
4. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन किंवा नोंदणी विभागाच्या ई-नोंदणी सेवेतून, आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन, घरबसल्या करता येते. नोंदलेल्या दस्ताची प्रत राहणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. ती मालकाकडेच राहू देण्याची पद्धत चांगली नाही.
5. राहणाऱ्याची माहिती पोलिसांकडे देणे ही नोंदणीहून वेगळी गोष्ट आहे. एक केल्याने दुसरी होत नाही.
6. घर सहकारी गृहसंस्थेत असेल तर संस्थेस आगाऊ कळवावे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, परंतु १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. अविवाहित विद्यार्थी किंवा अमुक आहार करणारे कुटुंब नको अशा सबबी सांगणाऱ्या संस्थांना त्या कोणत्या उपविधीत आहेत, हे लेखी विचारावे.

अनामतीविषयी एक गोष्ट मध्येच सांगणे भाग आहे. ‘आता दोन महिन्यांहून अधिक अनामत घेता येत नाही’ असे संदेश भ्रमणध्वनींवर फिरत असतात. केंद्राने २०२१ मध्ये जो नमुना भाडेकरार कायदा सुचविला त्यात निवासासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे हे खरे; परंतु तो नमुना आहे, आणि एखाद्या राज्याने तो कायदा म्हणून स्वीकारल्यावाचून तेथे लागू होत नाही. तोवर अनामत किती हे करारावर आहे, म्हणून घासाघीस सहीपूर्वी करावी.

दुकान, गाळा आणि कारखान्याचा भूखंड

येथे वर सांगितलेली निवड उलटते. ज्या जागेत आपण फर्निचर, यंत्रे आणि गिऱ्हाईक यांवर पैसा व वर्षे खर्च करणार, त्या जागेत नुसत्या परवानगीवर बसणे हा धोका आहे. शक्य असेल तेथे व्यापाऱ्याने मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा मागावा. त्याचे मुद्रांक शुल्क अधिक पडते, कारण पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यावर बाजारमूल्याच्या दहा टक्क्यांवर, दहा वर्षांपर्यंत पंचवीस टक्क्यांवर आणि एकोणतीस वर्षांपर्यंत पन्नास टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने आकारणी होते. हा खर्च पुष्कळांना जड जातो आणि ते लायसन्सवर समाधान मानतात. निदान तेव्हा मुदतीपूर्वी रद्द न करण्याची अट आणि केलेल्या बांधकामाच्या भरपाईची अट तरी लिहून घ्यावी.

मालकांसाठीही एक खड्डा आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडील झटपट कार्यवाही कलम २४ मध्ये ‘निवासासाठी’ दिलेल्या लायसन्सपुरतीच आहे. दुकानाच्या लायसन्सची मुदत संपल्यावर तेथे अर्ज घेऊन गेलेला मालक परत पाठविला जातो, आणि त्यास दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. आणखी एक अपवाद ध्यानात असावा: बँका, सार्वजनिक उपक्रम, तसेच एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या, यांना दिलेल्या जागेस भाडे नियंत्रण अधिनियमच लागू होत नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि करार यांचेच राज्य चालते. तळमजला बँकेस देणाऱ्या मालकाने म्हणूनच करारातील प्रत्येक ओळ वाचावी.

सातपूर आणि अंबड येथील उद्योजकांस तर दोन्ही शब्द एकाच व्यवहारात भेटतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्यावर मिळतो, पण प्रारंभी होतो तो केवळ ‘पट्टा देण्याचा करार’; त्यात बांधकामासाठी जमिनीवर प्रवेश करण्याचे लायसन्स मात्र असते. बांधकाम पुरे करून पट्टाखत करून घेईपर्यंत उद्योजकाच्या हाती हक्क आलेला नसतो. कर्ज काढण्यापूर्वी किंवा भूखंड दुसऱ्यास देण्याची बोलणी करण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या पायरीवर आहोत, हे पाहून घ्यावे.

महापालिकेच्या वा बाजार समितीच्या गाळ्यांत बसणाऱ्यांनी वाटपपत्र काढून वाचावे. त्यात ‘परवाना’ किंवा ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द आणि रद्द करण्याचा अधिकार असेल, तर गाळा वारशाने जाईल किंवा विकता येईल हा समज बाजूस ठेवावा.

जुन्या वाड्यांतील भाडेकरूंना सावधगिरीचा इशारा

रविवार कारंजा, सराफ बाजार, पंचवटी आणि जुन्या नाशकातील इतर गल्ल्यांतून जे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांतील कित्येक भाडेकरूंकडे करार असा नसतोच. असतात त्या आजोबांच्या नावच्या पावत्या. पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा लागल्या, किंवा पुनर्बांधणीची बोलणी सुरू झाली, की अशा भाडेकरूंपुढे ‘नवीन नोंदणी करून टाकू’ म्हणून एक कागद ठेवला जातो, आणि त्याचे शीर्षक लिव्ह अँड लायसन्स असते. पुढे काय होते हे वर सांगितलेल्या निर्णायक पुराव्याच्या तरतुदीवरून कळेलच. दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरूपण त्या एका सहीने लायसन्समध्ये बदलून घेण्याचा तो डाव असू शकतो. सगळेच मालक असे वागतात असे नव्हे, परंतु कागद वाचल्याशिवाय हेतू कळत नाही. अशा वेळी:

- जुन्या पावत्या, विजेची देयके, शिधापत्रिका व मतदार यादीतील पत्ता यांच्या प्रती एकत्र करून ठेवा. मालकाने भाड्याची पावती दिली पाहिजे हे कायद्यात आहे; तो भाडे घेण्याचे नाकारीत असेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावतीही जपा.
- इमारत पाडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्राची मोजणी लेखी करून घ्या. पाडून बांधण्याच्या कारणावर ताबा गेला तरी नव्या इमारतीत भाडेकरूस जागा देण्याची तरतूद अधिनियमात आहे. ती मागताना किती चौरस फुटांवर हक्क सांगता, हे सिद्ध करावे लागते.
- तात्पुरत्या निवासासाठी मालक वा विकासक दुसरीकडे खोली देत असेल तर तिचा लायसन्स करार वेगळा ठेवा, आणि मूळ जागेतील भाडेकरूपण कायम आहे हे वाक्य त्यात घाला.
- घर कारणाशिवाय सहा महिन्यांहून अधिक बंद ठेवू नका. तेही जागा जाण्याचे एक कारण आहे.

भाडे थकल्यामुळे लगेच घर जाते ही भीती मात्र अनाठायी आहे. थकबाकीकरिता मालकास लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा झाल्यावरही समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत सारी बाकी, पंधरा टक्के सरळ व्याज आणि खर्च भरल्यास ताबा वाचतो. दरसाल चार टक्के भाडेवाढ मात्र कायद्यानेच मालकाला दिली आहे. ती नाकारून भांडण वाढवू नये.

मुदत संपली आणि जागा सुटत नाही

निवासाच्या लायसन्समध्ये मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. समन्स मिळालेल्या लायसन्सधारकास तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती न मागितल्यास अर्जातील म्हणणे मान्य धरून आदेश होतो. म्हणून अशी नोटीस आल्यावर ‘बघू पुढे’ म्हणण्यास सवड नसते. मुदतीनंतर जितके दिवस जागा अडविली तितक्या दिवसांचे शुल्क दुपटीने द्यावे लागते. मालकाने मुदतीनंतरही दरमहा नेहमीची रक्कम मुकाट्याने घेत राहणे चुकीचे आहे. घ्यावयाचीच असेल तर नुकसानभरपाईपोटी आणि हक्क राखून, असा शेरा पावतीवर लिहावा.

पण कुलूप तोडणे, सामान रस्त्यावर टाकणे, वीज वा पाणी तोडणे हे मालकाचे अधिकार नव्हेत, आणि लायसन्स आहे म्हणून ते होत नाहीत. सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे लायसन्स मागे घेतल्यावरही जागा सोडण्यास व सामान नेण्यास वाजवी अवधी द्यावा लागतो, आणि पैसे घेऊन दिलेले लायसन्स मुदतीपूर्वी, राहणाऱ्याचा दोष नसताना, मोडल्यास तो भरपाई मागू शकतो. भाडेकरूची आवश्यक सेवा सबळ कारणावाचून तोडण्यास तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे. बळाने बाहेर काढले गेल्यास सहा महिन्यांच्या आत १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. ही मुदत निसटू देऊ नका.

सिंहस्थात खोल्या देणाऱ्यांसाठी

२०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवन, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील घरमालक यात्रेकरूंना, तसेच बाहेरून येणाऱ्या ठेकेदारांच्या कामगारांना, खोल्या देऊ लागतील. काही दिवसांच्या निवासाचा व्यवहार आणि काही महिन्यांचा व्यवहार यांत गल्लत करू नये. ठेकेदारास वर्षभरासाठी घर दिले तर ते नोंदणीकृत लायसन्सनेच द्यावे, करारात लायसन्सधारक म्हणून ठेकेदाराचे नाव असावे आणि किती माणसे राहतील ते लिहावे. पर्वणीनंतर जागा रिकामी होण्याची तारीख त्यात नसेल, तर नंतर ती कोणीही सांगणार नाही.

कागद समोर आल्यावर शंका वाटली तर सही एक दिवस लांबवा आणि तो जाणत्या वकिलास दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांसारख्या वर्गांना तेथे उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, कायदेशीर साहाय्य विनामूल्य मिळते.